मोटारींतील गार वारा

वडखळसारख्या गांवीं राहून मोटारीच्या हीटरविषयीं लिहावें, याचें वाचकांस हसूं येईल. खाडीकांठच्या उकाड्यांत ऊब देणाऱ्या यंत्राचें काय काम? आमच्याही गाडींतील तें बटण वर्षानुवर्षें कोणीं फिरविलें नव्हतें. गेल्या पौषांत मात्र महाबळेश्वरास जाण्याचा बेत ठरला. पोलादपूर मागें टाकून भल्या पहाटे आंबेनळीचा घाट चढूं लागलों, तों नातवंडें कुडकुडूं लागलीं, म्हणून चिरंजीवांनीं हीटर लाविला. वारा आला तो हिमासारखा!

"अण्णा, इंजिन तापलें म्हणजे ऊब येईल," चिरंजीव म्हणाले.

"अरे, वडखळपासून इतकी वाट चाललेलें इंजिन अजून तापावयाचें राहिलें काय?" असें म्हणून मीं पाहिलें, तर उष्णतेचा कांटा तांबड्या खुणेकडे सरकत होता.

पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या हीटरास बहुधा स्वतःचा अग्नि नसतो. इंजिनाभोंवतीं खेळून तापलेलें पाणी एका लहानशा रेडिएटरांतून फिरतें व पंखा त्यावरून वारा आंत सोडतो. पाणी कमी झालें कीं त्या लहान रेडिएटरांत हवा कोंडते. पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करणाऱ्या नैयायिकास येथें मौज वाटेल. पण केवळ गार वारा हा हेतु पुरेसा नाहीं, सोबत कांटाही पाहावा. कांटा चढलेला व वारा गार, तर गाडी तत्काळ थांबवावी.

आम्हीं ती थांबविली. चिरंजीव लगेच झांकण उघडावयास निघाले, त्यांस मीं हात धरून मागें ओढलें. दाबाखालचें तें उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें. इंजिन पुरतें निवल्यावर पाहिलें, तों टांकी रिकामी! एका नळीची पकड सैल होऊन पाणी झिरपत होतें. शिवाय कूलंट संपल्यावर आम्ही विहिरीचें पाणीच घालीत आलों होतों. कूलंट थंड प्रदेशापुरतें, हा समज खोटा आहे. त्यानें उकळबिंदु वाढतो व गंजही आवरतो. गंजाचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

कांटा सदैव खालींच राहत असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. कांटा मध्यावर असून वारा गार, तर हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या, इंजिन बंद करून, जपून चांचपाव्या. एक ऊन व दुसरी गार, तर आंत गाळ. दोन्ही ऊन, तर बटणामागील झडप अडकली असें समजावें.

आणि वडखळ नाक्यावरील वैशाखांतल्या कोंडींत कांटा चढूं लागला, पण पाणी पुरेसें आहे, तर हाच हीटर पुरता उघडल्यानें इंजिनाची बरीच उष्णता बाहेर पडते. म्हणून हल्लीं महिन्यांतून एकदां मी तो लावून पाहतों. सूनबाई कपाळास आठ्या घालतात, पण खिडक्या उघडून पांच मिनिटें बसतात खऱ्या.