ऑर्डर हातात, पैसे कुठे?

भोसरी एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारून बघा. ऑर्डरींचा आकडा तो सांगणार नाही. ‘काम भरपूर आहे हो, पेमेंट अडकलंय,’ हे उत्तर ठरलेलं. हाच माणूस रात्री मोबाइलवर ‘अमुक कंपनीला दोन हजार कोटींची ऑर्डर’ असा मथळा वाचतो आणि सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की तिचे शेअर घेऊन मोकळा होतो. दिवसभर शेडमध्ये जे शहाणपण असतं, ते डीमॅट खात्यापाशी येईपर्यंत कुठे जातं कोण जाणे.

आधी एक किरकोळ घोळ मिटवू. धुराडं दिसलं की औद्योगिक शेअर, असं नसतं. टाटा स्टील धातू क्षेत्रात मोडते, मारुती वाहन क्षेत्रात. औद्योगिक म्हणजे मुख्यतः दुसऱ्यांच्या कारखान्यांना, वीजकेंद्रांना, धरणांना आणि रस्त्यांना जे लागतं ते बनवणारे आणि उभारून देणारे : बॉयलर, टर्बाइन, पंप, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर. पुण्यातल्या थरमॅक्स, कमिन्स इंडिया, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, मुंबईची लार्सन अँड टुब्रो ही त्यातली आपल्या ओळखीची नावं. यांचं गिऱ्हाईक म्हणजे सरकार किंवा दुसरा कारखानदार. घरचा फ्रीज बिघडला तर आपण आठवड्याभरात नवा आणतो, पण कारखान्याचा विस्तार मालकाला दोन-तीन वर्षं सहज पुढे ढकलता येतो. या धंद्यातली भरती-ओहोटी तिथूनच येते.

आता मुख्य गैरसमज : मोठं ऑर्डर बुक म्हणजे पुढच्या नफ्याची हमी. ऑर्डर बुक म्हणजे मिळालेलं, पण अजून करायचं राहिलेलं काम. त्यातून किती उरणार हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. समजा, शंभर कोटींचं काम ठरलेल्या दराने घेतलं. साठ कोटींचा माल, तीस कोटींचा इतर खर्च आणि दहा कोटी नफा असा हिशेब होता. काम चालू असताना पोलाद, तांबं वगैरे मिळून माल पंधरा टक्क्यांनी महागला, तर नऊ कोटी तिथेच गेले, उरला एक कोटी. करारात किंमतवाढीचं कलम असेल तर कंपनी वाचते. त्या कलमाबद्दल बातमीच्या मथळ्यात अर्थातच काही नसतं. शिवाय पैसे एकरकमी मिळत नाहीत. थोडा ॲडव्हान्स, मग काम होईल तशी बिलं, आणि काही टक्के रिटेन्शन, म्हणजे यंत्र बसून नीट चालेपर्यंत गिऱ्हाइकाने राखून ठेवलेली रक्कम. काम जसजसं पूर्ण होतं तसतशी विक्री आणि नफा वहीत धरला जातो, पैसे मात्र मागून येतात. कधी फारच मागून.

ऑर्डर बुकला वार्षिक विक्रीने भागून ‘इतक्या वर्षांचं काम हातात आहे’ म्हणायची पद्धत आहे. तीही जपून वापरावी. मार्च 2024 अखेर लार्सन अँड टुब्रोच्या हातात सुमारे 4.76 लाख कोटींच्या ऑर्डर होत्या आणि त्या वर्षीचा समूहाचा महसूल सुमारे 2.21 लाख कोटी होता. भागाकार दोनाच्या थोडा वर जातो. पण त्या महसुलात समूहाच्या आयटी आणि वित्तीय कंपन्यांचीही कमाई आहे, आणि तिचा प्रकल्पांच्या ऑर्डर बुकशी काही संबंध नाही.

ऑर्डर बुक किती फसवू शकतं, हे वीजकेंद्रांची यंत्रं बनवणाऱ्या भेलच्या भागधारकांनी अनुभवलंय. 2011-12 मध्ये या सरकारी कंपनीला सुमारे 7,040 कोटींचा नफा झाला. हातात सव्वा लाख कोटींहून जास्त ऑर्डरी होत्या. शेअर वर्षाच्या कमाईच्या दहापटींहूनही कमी भावाला मिळत होता. मग वीजप्रकल्प अडू लागले : कोळसा नाही, जमीन नाही, बँका कर्ज देईनात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक कोळसा खाणींची वाटपं रद्द केली. ऑर्डरी कागदावर होत्या, पण गिऱ्हाइकंच अडचणीत होती. 2015-16 मध्ये कंपनीने 900 कोटींहून जास्त तोटा जाहीर केला.

यातच दुसरा गैरसमजही दडलाय : पीई (भाव वर्षाच्या कमाईच्या किती पट, ते गुणोत्तर) कमी म्हणजे शेअर स्वस्त. चढ-उताराच्या धंद्यात हे अनेकदा उलटं असतं. तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो, त्यामुळे गुणोत्तर छोटं दिसतं. मंदीच्या तळाशी नफा जेमतेम असतो, तेव्हा तेच गुणोत्तर भयंकर मोठं दिसतं. एका वर्षाऐवजी आठ-दहा वर्षांच्या सरासरी नफ्याशी भाव ताडून पाहावा, म्हणजे त्यात एक तरी मंदी येते.

‘साठ रुपयांचा शेअर तीन हजारांच्या शेअरपेक्षा स्वस्त’, हा तर आपला लाडका गैरसमज. पुण्याच्याच दोन कंपन्या घ्या. सुझलॉनचे शेअर आहेत सुमारे 1,360 कोटी, कमिन्स इंडियाचे 27.72 कोटी. म्हणजे सुझलॉनचा भाव 61 रुपये आणि कमिन्सचा 3,000 रुपये असेल, तर दोन्ही अख्ख्या कंपन्यांची बाजारातली किंमत सारखीच होते, साधारण 83 हजार कोटी. दोन्हींची दर्शनी किंमतही दोनच रुपये आहे. हाच सुझलॉन 2020 मध्ये दोन रुपयांच्या आसपास आला होता. तेव्हाही तो स्वस्त होता की नाही, याचं उत्तर भावात नव्हतं, कंपनीच्या डोक्यावरच्या कर्जात होतं.

‘सरकारी खर्च वाढला की औद्योगिक शेअर वाढणारच’ या समजाबद्दल फार लिहीत नाही. केंद्राच्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चाची तरतूद 2023-24 ला 10 लाख कोटी होती, 2024-25 ला 11.11 लाख कोटी झाली. हा आकडा अर्थमंत्री टीव्हीवर वाचतात, तेव्हा तो सगळ्यांनाच ऐकू जातो. आणि यातले बरेच पैसे रस्ते, रेल्वे आणि संरक्षणाकडे जातात. तुमची कंपनी कापडगिरण्यांना बॉयलर विकत असेल, तर तिच्या वाट्याला त्यातलं फारसं काही येत नाही.

मग बघायचं काय? पाच वर्षांचा निव्वळ नफा एकत्र करा. शेजारी त्याच पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोख मांडा. ती रोकड प्रवाहाच्या पत्रकात पहिल्याच भागात असते. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल, तर वार्षिक अहवालातली येणे रकमेची टीप उघडा. 2021-22 पासून कंपन्यांना येणे रक्कम वयाप्रमाणे मांडावी लागते : सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षभराची, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची आणि तीन वर्षांहून जुनी. भोसरीतल्या त्या माणसाच्या वहीतही हेच रकाने असतात, आणि शेवटच्या रकान्यातली नावं त्याला तोंडपाठ असतात.