दुखणें कानाचें कीं जबड्याचें?

आमच्या धाकट्या सूनबाईचा डावा कान सहा महिने दुखत होता. तेलाचे थेंब झाले, शेक झाला. कानाच्या डॉक्टरांनीं कान निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. ठणका मात्र राहिला. जांभई देतांना 'कट्' असा आवाज होई, भाकरी चावणें जड जाई. एका दंतवैद्यानें तर चांगली दाढ काढली; गुण नाहीं तो नाहींच. अखेर दुसऱ्या दंतवैद्यांनीं कानांपुढें बोटें ठेवून तिला तोंड उघडावयास सांगितलें, आणि दुखणें सांपडलें. तें हनुसंधीचें, म्हणजे जबड्याच्या सांध्याचें होतें.

वाचकांनीं कानापुढें बोट ठेवून तोंड उघडमीट करून पाहावें. तेथें हलतो तो हा सांधा. कवटीचा खळगा व खालच्या जबड्याचें टोक यांमध्यें एक लवचीक चकती असते. सांधा बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढेंही सरकतो. चकती ढळली म्हणजे आवाज होतो. चावण्याचे स्नायू आंवळून राहिले म्हणजे कानशील व मान दुखूं लागते. कान अगदीं शेजारीं असल्यामुळें हें दुखणें त्याचेंच भासतें. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

आपल्या पूर्वजांस हा सांधा अपरिचित नव्हता. निखळलेला जबडा जागेवर आणून शेकावा व 'पंचांगी' बंध बांधावा, असें सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत सांगितलें आहे. १९३४ सालीं अमेरिकेतील जेम्स कॉस्टेन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनीं कानाच्या तक्रारींचा जबड्याशीं संबंध जोडला. पडलेल्या दाढा हें त्याचें मूळ, हें त्यांचें मत मात्र पुढें टिकलें नाहीं.

म्हणून उपचारांत घाई नको. मऊ अन्न, गरम शेक, सुपारी वर्ज्य, जांभई देतांना हनुवटीस हाताचा आधार, आणि दंतवैद्यांनीं शिकविलेला हलका व्यायाम, एवढ्यानें पुष्कळांस आराम पडतो. झोपेंत दांत खाणाऱ्यास मापाची पट्टी रात्रीं दांतांवर बसवितात. दांत घासून कमी करणें किंवा शस्त्रक्रिया करणें हे न परतणारे उपाय प्रथम करूं नयेत. सुपारी खाणाऱ्याचें तोंड मात्र दिवसेंदिवस कमी उघडूं लागलें, तर तो रोग निराळा असूं शकतो. त्यानें विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.

सूनबाई झोपेंत दांत खात असे, हें दंतवैद्यांनीं विचारीपर्यंत आम्हां कोणासही ठाऊक नव्हतें. पट्टीनें व शेकानें तीन महिन्यांत तिचें दुखणें बरेंच निवळलें. "कानच तो, राहील आपोआप," असें तिला मीच सांगत होतों, हें आठवून आजही ओशाळल्यासारखें होतें. काढलेली दाढ कांहीं परत येत नाहीं. आपल्या घरीं कोणाचा कान निष्कारण दुखत असेल, तर जबड्याचीही एकदां चौकशी करावी.