मावळांतील सृष्टिचित्रण: साधन, तंत्र आणि दृष्टि

आषाढ लागला कीं पुण्यामुंबईचीं कुटुंबेंच्या कुटुंबें लोणावळ्याची वाट धरतात. पूर्वीं या सहलीहून परततांना मंडळी चिक्की आणि सर्दी घेऊन येत; आतां त्यांत शेंदोनशें छायाचित्रांची भर पडली आहे. परंतु घरीं येऊन तीं पाहूं लागावें, तों धबधबा पांढऱ्या डागासारखा, धुकें मळकट कांबळ्यासारखें, आणि डोंगर तर कोठेंच नाहीं, असा अनुभव पुष्कळांस येतो. दोष बहुधा यंत्राचा नसतो. सृष्टीचें चित्र घेणें ही एक विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणें तिलाहि साधन, तंत्र व दृष्टि या तिहींची अपेक्षा असते.

पूर्वपीठिका

मावळाचा या विद्येशीं संबंध जुना आहे. दागेर याची पद्धति फ्रान्समध्यें १८३९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १८५४ मध्यें मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या हिंदी सभासदांपैकीं एक. पुढें बोरघाटांत लोहमार्गाचें काम चालू असतां, १८५९ मध्यें कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत येतांच थोड्या दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें कंत्राट स्वतःकडे घेऊन तें तडीस नेलें, आणि बांधकामाच्या छायाचित्रांचा संग्रहहि मागें ठेविला. १८६३ मध्यें घाट वाहतुकीस खुला झाला. त्या काळीं कांचेवर रसायन चढवून ती ओली आहे तोंच चित्र घ्यावें लागे. म्हणून अंधाराचा तंबू, बाटल्या व कांचा हें सर्व ओझें डोंगरावर वाहून न्यावें लागे. खंडाळ्याजवळ आगगाडीची दिशा फिरविण्याचें जें स्थानक होतें, तें १९२९ सालीं मार्ग बदलल्यावर बंद पडलें. आज तें कसें होतें हें आपणांस कळतें, तें जुन्या चित्रांवरूनच.

साधनें

आतां तेवढा खटाटोप उरला नाहीं. खिशांतल्या मोबाइलनेंहि उत्तम चित्र निघतें. ज्यांस कॅमेरा घ्यावयाचा असेल, त्यांनीं सर्व द्रव्य यंत्रावरच खर्चूं नये. कांहीं भाग भिंगासाठीं व बळकट तिपाईसाठीं राखावा. विस्तृत दृश्य घेणारें भिंग बहुतेकांजवळ असतें. परंतु लोहगडावरून पवनेच्या जलाशयापलीकडे दक्षिणेच्या बाजूस तुंग आणि तिकोना पाहतांना दूरचें भिंगच अधिक उपयोगी पडतें. त्यानें एकामागें एक उभ्या असलेल्या डोंगररांगा जवळ येऊन धुक्याचे थर स्पष्ट दिसतात. पाण्यावरची व ओल्या पानांवरची चकाकी काढून टाकणारी पोलरायझर नांवाची चकती मावळांत फार कामाची आहे. तिनें हिरवा रंग गडद होतो.

पावसाळ्यांत दमटपणा हा भिंगाचा शत्रु होय. लोणावळ्यास वर्षाकाठीं दीडशें इंचांहून अधिक पाऊस पडतो. ओलें यंत्र पिशवींत कोंडून ठेविल्यास भिंगावर बुरशी धरते. म्हणून घरीं येतांच तें मऊ कापडानें पुसावें, वाऱ्यावर सुकूं द्यावें, आणि नंतर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें.

तंत्र

प्रकाश मोजणारें यंत्र समोरील दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें गृहीत धरून चालतें. यास्तव शुभ्र धुकें दिसतांच तें प्रकाश कमी घेतें, आणि चित्र मळकट येतें. उपाय सोपा आहे: यंत्र सांगेल त्याहून एक पायरी अधिक प्रकाश द्यावा. धबधब्याचें पाणी रेशमासारखें हवें असल्यास यंत्र तिपाईवर ठेवून झडप अर्धा ते एक सेकंद उघडी ठेवावी. थेंब वेगळे दिसावयास हवे असतील तर एका सेकंदाचा पांचशेंवा भाग पुरे. जवळची सोनकी व दूरचा कडा दोन्ही स्पष्ट यावयाचीं असल्यास छिद्र आठ ते अकरा या आंकड्यांदरम्यान ठेवावें. त्याहून फारच लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनानें चित्र उलट मऊ पडतें.

वेळहि जाणली पाहिजे. कार्ले व भाजे येथील चैत्यगृहांचीं तोंडें पश्चिमेस आहेत. सकाळीं तेथें अंधार असतो, तर दिवस उतरूं लागला म्हणजे ऊन आंत शिरून खांब उजळतात.

दृष्टि

विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्रांत एक मार्मिक विचार आहे. ऊन दाखवावयाचें तर उष्म्यानें त्रासलेले प्राणी काढावे. रात्र दाखवावयाची तर झोंपलेलीं माणसें काढावीं. म्हणजे वस्तूपेक्षां तिचा परिणाम दाखवावा. पाऊस कॅमेऱ्यांत नीट धरतां येत नाहीं. परंतु इरलें पांघरून भाताची लावणी करणारी बाई, कौलांवरून गळणारी पागोळी, खांचरांत उतरलेलें आकाश, यांतून तो दिसतो. मावळचें सौंदर्य धबधब्यापाशींच सांठलें आहे, हा समज सोडल्यास निम्मी विद्या साधली.

एक कळकळीची सूचना

हा समज सोडणें केवळ कलेसाठींच आवश्यक आहे असें नाहीं. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत पुण्याच्या एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत मुलेंहि होतीं. १५ जून २०२५ रोजीं कुंडमळ्यास इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीनें कोसळून चौघे दगावले. डोंगरमाथ्यावर सर कोसळली कीं खालीं पाऊस नसतांहि ओढ्याचें पाणी क्षणांत चढतें. पाण्याकडे पाठ करून उभें राहणें, कड्याच्या कांठीं मुलांस उभें करणें, या गोष्टी वडील मंडळींनीं घरूनच वर्ज्य ठरवाव्या. तसेंच लोणावळ्यास आय्‌.एन्‌.एस्‌. शिवाजी ही नौदलाची संस्था असल्यानें त्या परिसरांत परवानगीवांचून ड्रोन उडवूं नये.

शेवटीं एक उपक्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक घरानें मावळांतील एकच जागा निवडावी, आणि दरवर्षीं त्याच तिथीस, त्याच ठिकाणीं उभें राहून एकच चित्र घ्यावें. मागें तारीख व घेणाऱ्याचें नांव लिहावें. डोंगर फोडून बंगले उठत आहेत, खांचरें बुजत आहेत. दहा वर्षांनीं हींच चित्रें बदल कसा घडला याची साक्ष देतील. आजोबांनीं आरंभिलेली ही मालिका नातवानें पुढें चालवावी. लोहगडास २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें, हें भूषणावह आहे. परंतु त्याच्या पायथ्याचें हिरवें रान टिकलें कीं नाहीं, हें सांगण्याचें काम मात्र घरोघरच्या अशा चित्रसंग्रहांस करावें लागेल.