जोखीम कुणाच्या हाती?
‘एफ-झीरो जीएक्स’ या शर्यतीच्या गेमचे गुणदोष

जानेवारी 2001 मध्ये सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि कन्सोल बनवण्याच्या धंद्यातून काढता पाय घेतला. नव्वदच्या दशकात ज्या निन्टेंडोशी तिचं हाडवैर, त्याच निन्टेंडोच्या यंत्रांसाठी ती आता गेम बनवू लागली. या समेटातून जुलै 2003 मध्ये जपानी बाजारात आला ‘एफ-झीरो जीएक्स’. सेगाच्या अम्यूझमेंट व्हिजन या विभागाने तो निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलसाठी बनवला. सूत्रं तोशिहिरो नागोशी यांच्याकडे होती; निन्टेंडोच्या बाजूने शिगेरू मियामोतो लक्ष ठेवून होते. भविष्यकालीन शर्यतींच्या गेमचा विषय निघाला की आजही हे नाव आधी घेतलं जातं. त्याच्या नावाने बोटं मोडणारेही कमी नाहीत.

या मालिकेचा पहिला गेम 1990 चा, निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलसोबतच बाजारात आलेला. ‘मोड 7’ या तंत्राने सपाट चित्र फिरवून, लहानमोठं करून त्यात खोलीचा भास निर्माण केला होता. खरे चढउतार नव्हतेच. 1998 च्या ‘एफ-झीरो एक्स’ने एका शर्यतीत 30 गाड्या उतरवल्या आणि सेकंदाला 60 चित्रांची गती राखली, पण त्यासाठी आजूबाजूचा देखावा पार बोडका करून टाकला. जीएक्समध्ये गाड्या तेवढ्याच, गतीही तीच, शिवाय भोवती झगमगणारी शहरं, वाळवंटं, ज्वाळा. ही नुसती सजावट नाही. वेगाचा काटा ताशी हजार किलोमीटरच्या पुढे धावत असताना चित्र क्षणभर अडखळलं तरी वळण हातचं जातं. इथे ते अडखळत नाही. त्यामुळे गाडी कोसळली तर चूक आपलीच, हे निमूटपणे मान्य करावं लागतं.

गेमचा प्राण आहे पडद्यावरची ऊर्जापट्टी. कठड्याला घासलं, कुणी धडक दिली की ती घटते. संपली की गाडीचा स्फोट. दुसऱ्या फेरीपासून बूस्ट मिळतो, आणि तोही याच पट्टीतून खर्च होतो. म्हणजे आयुष्य विकून वेग विकत घ्यायचा. शेवटच्या फेरीत पट्टी तळाला आलेली, पुढे एकच गाडी, ऊर्जा भरून देणारा पट्टा अजून दोन वळणं लांब. बूस्टचं बटण दाबायचं की नाही? ‘वाइपआउट’ या शर्यतीच्या गेमसारखी क्षेपणास्त्रं इथे नाहीत, बाजूने धडक आणि गिरकी घेऊन तडाखा, एवढीच हत्यारं. त्यामुळे सगळा हिशेब या एका निर्णयाभोवती फिरतो.

हा हिशेब शर्यतीआधीच सुरू होतो. गाडी कमाल वेगाकडे झुकवायची की चटकन वेग पकडण्याकडे, हे एका सरकपट्टीवर ठरवता येतं. कंट्रोलरच्या दोन्ही खांद्यांवरचे ट्रिगर दाबून गाडी घसरवत वळणात घालता येते. ट्रॅकही तसेच हिकमती: कुठे नळीच्या आतून धावायचं, तर ‘फायर फील्ड’मध्ये दंडगोलाच्या बाहेरच्या अंगाने. कठडा नाही तिथे गाडी सरळ पोकळीत जाते.

मग माशी शिंकते कुठे? कथाप्रकारात. नायक कॅप्टन फाल्कनची ही कथा नऊ प्रकरणांची. दुसऱ्या प्रकरणात लाल दरीतून प्रतिस्पर्धी सामुराई गोरोहला गाठायचं असतं आणि वरून शिळा कोसळत असतात. शिळा कुठे पडणार, हे आधी ठाऊक असलं तरच निभाव लागतो. ‘ग्रांप्री’ या नेहमीच्या स्पर्धाप्रकारात चषकाच्या पाच शर्यतींचे गुण जमा होतात; एक बिघडली तरी पुढे भरपाई करता येते. कथेत तशी सोय नाही. कौशल्याला पाठांतराने मागे टाकलं, की कठीण गेम नुसता छळवादी होतो.

त्यावर ताण म्हणजे कुलूपबंद खजिना. ‘एफ-झीरो एएक्स’ या जुळ्या आर्केड यंत्रात आपलं मेमरी कार्ड घालून तिथले ट्रॅक आणि चालक घरी आणता येत. ज्यांच्या गावात हे यंत्र नव्हतं, त्यांनी काय करायचं? ट्रॅकसाठी चारही चषक ‘मास्टर’ पातळीवर जिंकायचे आणि चालकांसाठी कथेची प्रकरणं सर्वांत अवघड पातळीवर पार करायची. ज्याला सरावासाठी नव्या ट्रॅकची गरज, त्यालाच ते मिळणं सर्वांत दुरापास्त.

दुसरी फट तंत्रातली. घसरण्याचे ट्रिगर आलटून पालटून वापरत सरळ रस्त्यावरही नागमोडी धावलं, तर काही गाड्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त वेग पकडतात. खेळाडू याला ‘स्नेकिंग’ म्हणतात. या क्लृप्तीला बोटांचं कसब लागतं, हे खरं. पण विक्रमांच्या शर्यतीत तिच्यापुढे गाड्यांमधली विविधता आणि ट्रॅकची आखणी फिकी पडते. मित्रांसोबत खेळण्यातही अडचण आहेच: पडदा चौघांत वाटायचा; कन्सोल एकमेकांना जोडण्याची सोय दिलेली नाही.

जून 2025 मध्ये स्विच 2 सोबत निन्टेंडोच्या सदस्य-सेवेतून हा गेम पुन्हा उपलब्ध झाला. नव्याने हाती घेणाऱ्याने कथेच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नये; ग्रांप्रीतल्या रूबी चषकापासून आरंभ करावा. नागोशींच्या चमूने जोखीम खेळाडूच्या अंगठ्यावर सोडली, तिथे या गेमला तोड नाही. ती त्यांनी स्वतःच्या हातात घेतली, तिथे मात्र त्यांना कठोरपणा आणि आडमुठेपणा यांतला फरक राखता आला नाही.