मक्याची हाक

छत्रपती संभाजीनगरहून फुलंब्री, सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे निघालं की पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका डोलत असतो. एखादा पोंगा उकलून पाहावा. आत लाकडाच्या भुशासारखी ओलसर विष्ठा आणि तळाशी कपाळावर उलटा ‘वाय’ घेऊन बसलेली लष्करी अळी. मूळची अमेरिकेची ही अळी भारतात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात आढळली आणि बघता बघता आपल्या शिवारात आली.

मुकाट्याने खाल्लं जाणारं हे ताट खरं तर मुकं नाही. पान विळ्याने कापलं की हिरवा, कच्चा वास लगेच येतो. तो कुठल्याही जखमेचा. अळीने कुरतडलं की काही तासांनी वेगळाच गंध सुटतो, आणि तोही अख्ख्या ताटातून. १९९० मध्ये टर्लिंग्स, टमलिन्सन आणि लुईस या शास्त्रज्ञांनी मक्याची पानं नुसती ओरखडून पाहिली. हा गंध फारसा आला नाही. त्याच ओरखड्यांवर लष्करी अळीच्याच जातकुळीतल्या एका अळीच्या तोंडातला रस चोळला, तेव्हा मात्र आला. रसातलं ते द्रव्य, व्होलिसिटिन, १९९७ मध्ये ओळखता आलं. थोडक्यात, विळा कोणता आणि अळी कोणती, हे मक्याला कळतं.

हा गंध हुंगत येतात गांधीलमाशीच्या गोतातल्या चिमुकल्या परोपजीवी माश्या. त्या अळीच्या अंगात अंडं घालतात आणि पिल्लू अळीला आतून पोखरतं. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचा काळ असलेली आपली कॅम्पोलेटिस माशी भारतात लष्करी अळीतही सापडली आहे.

गंधाची ही हाक हरवूही शकते. मुळं खाणारी अळी लागली की युरोपातल्या कित्येक मका-वाणांची मुळं मातीत एक गंध सोडतात आणि अळीला मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी धावून येतात. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांत हा गंधच उरलेला नाही, असं २००५ मध्ये दिसून आलं. वाण निवडताना कणसं मोजली गेली, वास कुणी घेतला नाही.

आपण तर हाक शाबूत असताना पाहुण्यांनाच मारतो. दिसली अळी की जहाल फवारा, यात माशी आधी मरते. पोंग्याच्या तळाशी विष्ठेआड दडलेली अळी बऱ्याचदा वाचते. म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी चार-दोन पोंगे उकलावेत. अळीच्या वाळक्या कातडीशेजारी पानाला चिकटलेला इवलासा कोष दिसला, तर समजावं, मक्याची हाक पोचली आहे.