विदर्भाचे आकाश : रात्रीच्या टपालापासून उपग्रहापर्यंत

विमानाने टपाल नेण्याचा पहिला अधिकृत प्रयोग १८ फेब्रुवारी १९११ रोजी भारतातच, अलाहाबाद ते नैनी असा झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. या इतिहासात विदर्भाची पाळी आली ती ३० जानेवारी १९४९ रोजी. त्या दिवशी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका चोख उपयोग क्वचितच झाला असेल. या सेवेची किंमतही मोजावी लागली. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून उडालेले एक डाकोटा लगेच कोसळले आणि १३ जणांचा बळी गेला.

विदर्भातल्याच यवतमाळला त्या काळी मूर्तिजापूरकडून येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ रेल्वे होती. पुढे शहराजवळ भारी येथे धावपट्टी झाली आणि २००९ मध्ये ती खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेली. नियमित प्रवासी सेवा मात्र रुजली नाही. जिल्ह्याच्या खऱ्या उपयोगी पडला तो उपग्रह.

१७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून ‘आयआरएस-१ए’ हा भारतीय उपग्रह सोडण्यात आला. त्याच सुमारास नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त किरण परतवते. या फरकावरून पीक ओळखले जाते. या उपग्रहाच्या अधिक बारीक कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ३६ मीटरचा होता, म्हणजे एकरात जेमतेम तीन ठिपके. कपाशीत तुरीच्या ओळी असल्या की दोन्ही पिके एकाच ठिपक्यात मिसळत. शिवाय खरिपात आभाळ भरलेले, त्यामुळे ऐन हंगामात कॅमेरा आंधळा. ही अडचण रडारने कमी केली: २६ एप्रिल २०१२ रोजी सोडलेला ‘रिसॅट-१’ ढगांतून आणि रात्रीही जमीन पाहू शकत होता. बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर असलेल्या जिल्ह्यासाठी पेऱ्याचा अंदाज आणि भूजलाचे नकाशे यांचे मोल चंद्रावरच्या पावलापेक्षा कमी नाही.

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे जाताना दिसले. वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा वस्तूने जमिनीवर केलेल्या नुकसानीची जबाबदारी ती सोडणाऱ्या देशावर असते. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. शेतात असे काही आढळल्यास हात न लावता पोलीस ठाण्याला किंवा तहसीलदारांना कळवावे.