पुस्तक निवडताना आधी नमुन्याचे प्रकरण उघडा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत वर्षागणिक वर सरकतो आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या रसायनशास्त्र विभागांना वैश्लेषिक रसायनशास्त्राचे पुस्तक नव्याने ठरवण्याची ही संधी आहे. एचपीएलसी आहे का, स्पेक्ट्रोस्कोपी किती आहे, एवढेच पाहून ते ठरवू नये. नमुना कसा घ्यायचा आणि हाती आलेल्या आकड्यावर कितपत विसंबायचे, याला पुस्तक किती जागा देते, ही माझ्या मते खरी कसोटी. वालधुनी नदीतला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजायचा तर मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड नदीकाठीच बाटलीत घालावे लागते. बाटली तशीच कॉलेजात आणली, तर सांडपाण्यातले जीवाणू वाटेतच ऑक्सिजन फस्त करतात. मग ब्युरेट कितीही काटेकोर चालवा, उत्तर चुकणारच. खाडीच्या पाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) काढताना क्लोराइडही डायक्रोमेट खाते आणि प्रदूषण आहे त्याहून जास्त दिसते, म्हणून मर्क्युरिक सल्फेट घालतात. डोंबिवलीत २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. अशा वेळी यात काय आहे आणि किती आहे, हे खात्रीने सांगणारी माणसे लागतात.

या कसोटीवर व्होगेलचा १९३९ पासूनचा ग्रंथ प्रात्यक्षिकांच्या कृतींसाठी आजही हाताशी हवा. आयआयटी मुंबईच्या श्री. म. खोपकरांचे पुस्तक अनेक पद्धतींची आटोपशीर ओळख करून देते. हॅरिसचे पुस्तक सांख्यिकी आणि गुणवत्ता हमी सुरुवातीच्या प्रकरणांतच घेते. पण मुख्य पुस्तक म्हणून माझे मत डेव्हिड हार्वे यांच्या ग्रंथाला. त्यात नमुना मिळवणे व तयार करणे, आकड्यांचे मूल्यमापन आणि अंशांकन यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत, शिवाय तो इंटरनेटवर मोफत मिळतो. त्यामुळे परदेशी पुस्तक परवडत नाही, हा आक्षेप गळून पडतो. इंग्रजी जड जाते, ही अडचण मात्र खरी आहे. त्यासाठी शिक्षकांनी निवडक प्रकरणेच लावावीत आणि उदाहरणे उल्हास-वालधुनीची द्यावीत. नोकरीसाठी यंत्रे यायला हवीत, हेही मान्य. पण अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतल्या क्यूसी विभागातही नमुना चुकला तर महागड्या यंत्राचा आलेख निरर्थक ठरतो. परीक्षेपुरत्या नोट्स बाजारात मिळतातच, म्हणून मुख्य पुस्तक तेवढ्यापुरते निवडू नये. विद्यापीठाने निदान संदर्भग्रंथांच्या यादीत तरी ही कसोटी लावावी आणि प्रश्नपत्रिकेत नमुना घेण्यावर एक सक्तीचा प्रश्न ठेवावा.